बर्फाच्या गाडीतली काळी डबी

मी एक जुनी काळी डबी आहे. अंगाने साबणाच्या वडीएवढी, वजनाला तिच्याहून थोडी जास्त. सध्या माझा मुक्काम गाड्या दुरुस्त करण्याच्या एका दुकानातल्या खणात आहे. सोबतीला जळके फ्यूज, दोन गंजके पाने आणि कुणाच्या तरी चष्म्याची एक काडी असते. मित्रांनो, तुम्ही छत्रीची गोष्ट ऐकली असेल, मोडक्या खुर्चीची ऐकली असेल, फाटक्या पुस्तकाची तर नक्कीच ऐकली असेल. त्या ऐकताना डोळ्यांत पाणी येतं, कारण त्यांनी कुणाचं तरी भलं केलेलं असतं. माझी गोष्ट ऐकून तसं होईल असं नाही. तरी सांगते, कारण खणातल्या मंडळींना माझी कटकट आता पाठ झाली आहे.

माझा जन्म एका लांबलचक खोलीत झाला. तिथे पांढऱ्या टेबलांशी मुली माना खाली घालून बसत आणि बारीक तारांना डाख देत. एकमेकींशी बोलायची त्यांना बंदी होती, पण त्या ओठ न हलवता बोलत. त्यांनी माझ्या पोटात दोन गोष्टी बसवल्या. एक, कंपनीच्या संगणकाचा निरोप ऐकणारा कान. तुमच्या मोबाइलमध्ये असतं तसं सिमकार्ड त्याच्यात असतं. दुसरी, एक इवलीशी खटकी. गाडीच्या चावीपासून इंजिनाकडे जी वायर जाते, तिच्या वाटेत ही खटकी बसते.

काम सोपं होतं. दर महिन्याला गाडीचा हप्ता जमा झाला, की संगणकाकडून मला परवानगी येणार. आली, की महिनाभर गाडी सुरू होऊ द्यायची. नाही आली, तर चावी कितीही फिरवा, वाट बंद. मात्र चालती गाडी मधेच बंद पाडायची नाही. रस्त्यात अपघात होईल, म्हणून कायद्याची तशी मनाई होती. उभी असेल तिला उठू द्यायचं नाही, एवढंच. परवानगी का आली नाही, हे मी विचारायचं नाही. विचारायला माझ्यात जागाच ठेवली नव्हती. मला ऐकता येत होतं, बोलता येत नव्हतं.

मला ज्या गाडीत बसवलं, ती मालाची तीनचाकी होती. पुढे दोन माणसांपुरती जागा, मागे पत्र्याचा उघडा हौदा. ती घेणारे नवरा-बायको तोवर हातगाडीवरून बर्फाच्या लाद्या ओढत होते. गाव त्यांना लादीवाले म्हणायचं. मी त्यांना मनातल्या मनात मालक आणि मालकीणबाई म्हणायचे. खरं म्हणजे कागदावर गाडी कंपनीकडे तारण होती आणि मी तर कंपनीचीच होते. पण ज्यांच्या सीटखाली दिवस काढायचे, त्यांना परकं कसं म्हणणार?

त्या दोघांना बँकेने दारातूनच परत पाठवलं होतं. बँकेला घराचे कागद हवे होते आणि हे राहत होते भाड्याच्या एका खोलीत. सोनं नाही, जामीनदार नाही. कंपनी म्हणाली, काही नको, आमची डबी बसवून घ्या, बस्स. म्हणजे बघा, घर, सोनं आणि जामीनदार या तिघांच्या जागी मी एकटी उभी राहिले. तेव्हा मला याचा फार अभिमान वाटला होता. आजही थोडा वाटतो, खोटं कशाला बोलू?

करार मोबाइलवरच होता. मालकांनी बोटाने तो वर सरकवला, आणखी सरकवला, तरी संपेना. बर्फ हाताळून त्यांच्या बोटांची टोकं सुरकुतलेली, पडदा त्यांना दाद देत नव्हता.

"एवढं काय लिहिलंय त्यात?" मालकीणबाईंनी विचारलं.

"वहिनी, सगळ्यांच्यात तेच असतं," विक्रेता म्हणाला. "खाली मान्य आहे म्हणायचं फक्त."

"आणि मान्य नसेल तर?"

"तर गाडी नाही."

सगळे हसले. मालकीणबाई हसल्या नाहीत, पण हौद्याच्या नव्या पत्र्यावर त्यांनी हात मात्र फिरवला.

मग सुरू झाले माझ्या आयुष्यातले चांगले दिवस. उजाडायच्या सुमारास आम्ही बर्फाच्या कारखान्यावर जायचो. तिथे मुकादम लाद्यांचं वाटप करायचा. कुठली गाडी कुठल्या भागात जाणार, हे त्याच्या शब्दावर होतं आणि एकदा मिळालेला भाग कुणी सहसा सोडत नसे. हौद्यात लाकडाचा भुसा पसरायचा, त्यावर लाद्या, वर ओलं गोणपाट. मग मासळीबाजार, रसाची दुकानं, दवाखाना, आइस्क्रीमवाले. मालक लोखंडी आकड्याने लादी ओढायचे आणि मालकीणबाई टोच्याने तिचे असे तुकडे पाडायच्या, की एकही ढेप उगाच लहान-मोठी होऊ नये. गिऱ्हाइकाशी घासाघीस त्याच करायच्या. मालक त्या वेळी दुसरीकडे बघायचे, कारण मधे बोलले की भाव उतरायचा.

फेरीवर असताना मालक इंजिन कधीच बंद करत नसत. बर्फ कुणासाठी थांबत नाही, म्हणून आपणही थांबायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. गाडी दारात धडधडत उभी असायची, दोघं खाली उतरून माल द्यायची, की लगेच पुढे. याला अपवाद एकच होता. गावात कुणी गेलं आणि लांबचे नातेवाईक यायचे असले, तर त्या घरी लादी पोचवायचं काम यांच्याकडे यायचं. त्या दारात मालक इंजिन बंद करत. मयताच्या दारात धडधड नको. तिथल्या लादीचे पैसेही ते घेत नसत. मालकीणबाई आत जाऊन बायकांना सांगायच्या, भुसा खाली टाका, पाणी या बाजूला जाऊ द्या. काम झालं, की मालक गाडी हाताने ढकलत कोपऱ्यापर्यंत नेत आणि तिथे जाऊन सुरू करत. मुकादम म्हणायचा, तुम्ही धंदा करता की धर्मादाय? मालक म्हणायचे, लादी एकच जाते, बाकीच्या विकतोच की.

मालकांना माझ्याबद्दल सगळं माहीत होतं. हप्त्याच्या दिवशी ते सीटवर थाप मारून विचारत, "काय बाई, मिळाली का परवानगी? निघू?" मला बोलता आलं असतं, तर मी म्हटलं असतं, निघा. हप्त्याची तारीख त्यांनी एकदाही चुकवली नाही. कंपनीच्या कचेरीत चांगल्या गिऱ्हाइकांचे फोटो लावत, त्यांत मालकांचाही फोटो लागला. फोटोत ते डोळे मिटून आले होते. तरी ते येता-जाता तो बघायला आत डोकावत.

एका वर्षी उन्हाळ्याने कहर केला. लोक हैराण झाले आणि बर्फवाल्यांची चलती झाली. हातात पैसा राहिला. मालकीणबाईंना त्यातून मोठी थर्मोकोलची पेटी घ्यायची होती, म्हणजे दुपारी माल वितळणार नाही. मालक म्हणाले, "पेटी पुढच्या वर्षी. आधी डोक्यावरचं ओझं उतरू दे." आणि त्यांनी उरलेले सगळे हप्ते एकदम भरून टाकले. मित्रांनो, ही चूक गाडीवाल्यांमध्ये कुणीच करत नाही. तारीख उलटून दोन दिवसांनी भरणारे सगळे. आगाऊ भरायला माणूस आमच्या मालकांसारखाच लागतो, ज्याला कुणाचं देणं आहे हे जेवतानासुद्धा टोचतं.

खिडकीतले वसुलीसाहेब चक्रावलेच. "मालक, असं कुणी भरत नाही हो."

"आम्ही भरतोय ना. डबी कधी काढणार?"

"पैसे आता तुमच्या नावाने बाजूला राहतील. दर तारखेला एक-एक हप्ता आपोआप वळता होईल. शेवटचा वळता झाला, की डबी काढू."

"पण आमच्याकडून झालं ना सगळं?"

"तुमच्याकडून झालं."

त्या दिवशी मालक घरी जाईपर्यंत शीळ घालत होते. मालकीणबाई म्हणाल्या, "पेटी घेतली असती तर निदान दिसली असती." पण त्याही गालात हसत होत्या.

काही महिने ठरल्याप्रमाणे गेले. तारीख आली, की हप्ता वळता व्हायचा आणि मला परवानगी यायची. आणि मग कंपनी बुडाली. तिने मोठमोठ्या बँकांकडून कर्ज काढून लोकांना गाड्या दिल्या होत्या आणि त्यातला बराच पैसा भलतीकडेच मुरला होता. बँका कोर्टात गेल्या. कोर्टाने कंपनीवर एक प्रशासक नेमला आणि हुकूम काढला, की सगळा हिशेब तपासून होईपर्यंत कंपनीतला पैसा या जागेवरून त्या जागेवर हलवायचा नाही. हुकूम शहाणपणाचाच होता. नाहीतर उरलंसुरलं कुणीतरी घेऊन पसार झालं असतं. पण मालकांनी बाजूला ठेवलेला पैसाही त्यात गोठला. हप्त्याची तारीख आली, पैसा वळता होऊ शकला नाही. संगणकाला कोर्ट वगैरे काही माहीत नव्हतं. त्याला इतकंच माहीत होतं, की हप्ता जमा नाही, म्हणजे परवानगी नाही.

माझी मुदत दर महिन्याला कचेऱ्या उघडतात त्या वेळी संपत असे. त्या दिवशी आम्ही पहाटेच निघालो होतो. मुदत संपली तेव्हा आम्ही मासळीबाजारात होतो आणि इंजिन चालू होतं. चालत्या गाडीला मी हात लावत नाही. कुणाला काही कळलं नाही. दुपार टळेपर्यंत गाडी धडधडत फिरली आणि त्या दिवशी जर गावात कुणी गेलं नसतं, तर निदान फेरी तरी पुरी झाली असती.

एका अरुंद गल्लीत एक म्हातारे शिंपी गेले होते. त्यांची मुलगी परगावाहून यायची होती. मालकांनी दारात गाडी उभी केली आणि नेहमीसारखं इंजिन बंद केलं. लादी आत गेली. मालकीणबाईंनी बायकांना भुसा कसा टाकायचा ते सांगितलं. मग दोघांनी गाडी ढकलत कोपऱ्यावर आणली आणि मालकांनी चावी फिरवली.

माझ्या खटकीचा टिक असा आवाज झाला. बाकी काहीच नाही.

"अहो, काय झालं?"

"काही नाही. बॅटरी असेल."

त्यांनी पुन्हा चावी फिरवली. पुन्हा टिक. बॅटरी ठणठणीत होती. मयताच्या घरचे दोन पुरुष धक्का द्यायला आले, पण धक्क्याने उघडेल अशी वाट ती नव्हतीच. हौद्यात दवाखान्याच्या आणि आइस्क्रीमवाल्यांच्या लाद्या होत्या. गोणपाटाखालून पाणी ठिबकायला लागलं, मग धार लागली आणि ती गल्लीतून खाली गटाराकडे चालली. पोरं बर्फाचे तुकडे उचलायला धावली, तशा त्यांच्या आयांनी त्यांना दंडाला धरून घरात नेलं. मालकीणबाईंनी कुठूनशी हातगाडी आणली आणि निम्मा माल वाचवला. उरलेला तिथेच वितळला. मालक त्या वेळात सीटखाली हात घालून मला चाचपत होते. गेली काही वर्षं ज्या जागी ते प्रेमाने थाप मारत, तिथे त्यांनी मूठ आपटली. मला ते लागलं नाही, पण फार वाईट वाटलं.

कंपनीच्या फोनवर बाईचा आवाज आला, आपला हप्ता थकला आहे. मालक त्या आवाजाला समजावत राहिले, की सगळे भरलेत. आवाज शांतपणे तेच सांगत राहिला. मालकीणबाई म्हणाल्या, "ती यंत्र आहे हो." मालक म्हणाले, "मला कळतंय. पण दुसरं कुणी उचलतच नाही."

कचेरीचं शटर अर्धं खाली होतं. वसुलीसाहेब आत एकटेच बसून आपला चहाचा कप, चप्पल आणि देव्हाऱ्यातली तसबीर पिशवीत भरत होते. त्यांचाही पगार झाला नव्हता.

"मालक, खरं सांगू? ज्यांनी वर्षभर दमडी दिली नाही, त्यांच्या गाड्या आज रस्त्यावर आहेत. कंपनी बुडाली कळल्यावर त्यांनी डब्या उपटून फेकल्या. विचारायला कोण जातंय?"

"म्हणजे आम्ही भरले म्हणून आमची बंद?"

साहेबांनी कानावर हात ठेवले नाहीत, एवढं त्यांच्याबद्दल सांगायला हवं. ते म्हणाले, "हो. तसंच आहे ते." आणि मालकांचा भिंतीवरचा फोटो काढून त्यांच्या हातात दिला.

कोर्टाजवळ एका जिन्याखाली वकीलबाईंचं टेबल होतं. बाई सरळ होत्या, फी थोडी घेत आणि थापा मारत नसत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"कायद्याने आता तुम्ही कंपनीचे कर्जदार नाही. तुमचा पैसा तिच्याकडे अडकलाय, म्हणजे उलट कंपनीच तुमचं देणं लागते. असे पैसे मागणाऱ्यांची तिच्याकडे रांग लागलीय. तुम्ही तिच्यात आहात."

"पुढं कोण आहे?"

"मोठ्या बँका."

"बाई, मला पैसे नकोत," मालक म्हणाले. "गाडी तेवढी सुरू करून द्या. रांगेत खुशाल शेवटी उभं करा."

"त्याचा अर्ज वेगळा करावा लागेल. करते मी. पण एक सांगते, डबीला हात लावू नका. ती कंपनीची मालमत्ता आहे आणि कंपनी आता कोर्टाच्या ताब्यात आहे. तोडलीत, तर समोरचा वकील पहिलं तेच दाखवेल आणि तुमची बाजू पडेल."

बाईंचा सल्ला चुकीचा नव्हता. माझ्या गोष्टीत हेच तर दुखणं आहे, मित्रांनो. कोर्ट बरोबर होतं, संगणक बरोबर होता, वकीलबाई बरोबर होत्या आणि मीसुद्धा शिकवल्याप्रमाणेच वागत होते. गाडी मात्र खोलीसमोर ताडपत्री पांघरून उभी होती.

वायरमास्तर म्हणून एक फिटर होते. मला गाडीत बसवलं ते त्यांनीच, म्हणून मालकीणबाई त्यांना बोलावून घेऊन आल्या. त्यांनी सीट उचलली, मला बोटाने टकटक केलं.

"दोन मिनिटांचं काम आहे, दादा. ही वायर तोडायची, ती तिला जोडायची."

"नको," मालक म्हणाले.

"अहो, नको काय?" मालकीणबाईंचा आवाज चढला. "ज्यांनी बुडवले ते फिरतायत आणि तुम्ही साव म्हणून ताडपत्रीखाली बसा. मुकादम किती दिवस भाग राखून ठेवणार आपल्यासाठी?"

"कोर्टात आपली बाजू खरी आहे."

"खरी आहे ना? मग ती हौद्यात घाला आणि विका."

वायरमास्तर पान्याशी चाळा करत उभे राहिले. मालकांनी हौद्यावरची ताडपत्री सारखी केली. मग म्हणाले, "एवढी वर्षं कुणाचं काही ठेवलं नाही. आता चोर म्हणून कोर्टात उभं राहायचं?" मालकीणबाईंनी पदराने तोंड पुसलं आणि वायरमास्तरांना चहा करायला आत गेल्या. मला त्या क्षणी इतकं वाटलं, की मास्तरांचा पाना चुकून तरी निसटावा आणि माझ्यावर पडावा. तो पडला नाही.

अर्जाचं घोंगडं भिजत पडलं. तारीख पडायची, प्रशासकाचा माणूस यायचा नाही. आला, तर कागद अपुरे असायचे. कागद पुरे झाले, तर न्यायाधीश बदलले. मुकादमाने भाग राखून ठेवला, अगदी उन्हाळा तोंडावर येईपर्यंत राखून ठेवला. मग त्यालाही दवाखान्याची बोलणी खावी लागली आणि त्याने तो दुसऱ्या गाडीला दिला. मालकांना त्याने कारखान्यातच दुसऱ्यांच्या गाड्यांत लाद्या चढवायचं काम दिलं. तिथे पाणी गोठवायला मिठाचं पाणी वापरतात. त्याने त्यांच्या हातांना भेगा पडल्या आणि पुढे उजवा खांदा वर जाईनासा झाला. मालकीणबाई मासळीबाजारात मासे साफ करून द्यायला बसू लागल्या. जिथे त्या बर्फाचा भाव ठरवत, तिथेच बसून आता दुसऱ्याच्या बर्फाची वाट बघत. पूर्वीच्या गिऱ्हाइकांनी विचारलं, तर म्हणायच्या, गाडी दुरुस्तीला दिलीय.

गाडीची बॅटरी कधीच उतरून गेली होती, आणि कचेरीत, कोर्टात तर मी नव्हतेच. तुम्ही म्हणाल, मग तुला ऐकू कसं येत होतं? गोष्टीतल्या छत्रीला ऐकू येतं ते तुम्हाला चालतं, मग मलाही एवढी सूट द्या.

शेवटी एकदाचा निकाल लागला. प्रशासकाने हिशेब पुरा केला, मालकांचे पैसे हप्त्यांत वळते केले आणि संगणकाला हुकूम दिला, की ही गाडी कायमची मोकळी करा. मालकांच्या मोबाइलवर निरोप आला, आपले वाहन मुक्त करण्यात आले आहे. मालकीणबाई बाजारातून तशाच धावत आल्या, हाताला माशांचे खवले चिकटलेले. शेजाऱ्याची बॅटरी मागून आणली. ताडपत्री काढली. मालक सीटवर बसले, आधी थाप मारली आणि मग चावी फिरवली.

टिक.

संगणकाचा तो निरोप मला ऐकूच आला नव्हता, मित्रांनो. कंपनी बुडाल्यावर तिने मोबाइलवाल्यांची बिलं भरली नव्हती. माझं सिमकार्ड केव्हाच बंद झालं होतं आणि माझा नंबर दुसऱ्या कुणाला तरी दिला गेला होता. माझ्या सुटकेचा निरोप कुणा अनोळखी माणसाच्या मोबाइलवर जाऊन पडला असेल आणि त्याने तो पुसूनही टाकला असेल.

मालकांनी प्रशासकाच्या कचेरीत फोन लावला. या वेळी माणूस बोलत होता आणि नम्रपणे बोलत होता.

"साहेब, आमच्याकडे स्क्रीनवर तुमची गाडी सुरू दिसतेय."

"मी गाडीत बसलोय. बंद आहे."

"हो, पण इथे सुरू आहे. तक्रार बंद झालीय. सुरू असलेल्या गाडीसाठी नवीन तक्रार घेता येत नाही मला."

वकीलबाई म्हणाल्या, "आता तोडा. आता कुणी काही म्हणणार नाही." वायरमास्तर आले, त्यांनी एक वायर तोडली, दुसरी जोडली आणि मला खिशात टाकलं. खरोखर दोन मिनिटं लागली. मालकांनी चावी फिरवली. इंजिनाने एकदा आचका दिला आणि ते जागच्या जागी अडकलं. बर्फाच्या आणि मासळीच्या खारट पाण्याने हौदा खालून चाळण झाला होता. इतके दिवस उभ्या राहिलेल्या इंजिनात गंज शिरला होता, वायरी उंदरांनी खाल्ल्या होत्या. वायरमास्तरांनी खाली वाकून टॉर्चने सगळं पाहिलं आणि टॉर्च बंद केला.

"दादा, हिच्यावर खर्च करण्यात अर्थ नाही."

मालक गाडीतून उतरले नाहीत. स्टिअरिंग धरून समोर बघत म्हणाले, "मास्तर, त्या दिवशी तुम्ही म्हणालात तेव्हा तोडली असती तर?"

"जाऊ द्या ना आता."

"सांगा."

"तर गाडी चालू असती," वायरमास्तर म्हणाले.

मालकीणबाई शेजारच्या सीटवर येऊन बसल्या. दोघं बराच वेळ बसून राहिली. पुढच्या आठवड्यात भंगारवाला आला आणि गाडी वजनावर घेऊन गेला.

माझ्यासारख्या वस्तूंनी शेवटी काहीतरी मागायचं असतं. छत्री म्हणते मला वाळवून ठेवा, पुस्तक म्हणतं माझी पानं दुमडू नका. माझं मागणं जरा अवघड आहे. तुमच्यापैकी कुणी पुढे वकील होईल, कुणी बँकेत बसेल, कुणी माझ्यासारख्या डब्या बनवील. त्या दिवशी एकमेकांना निदान एकदा भेटा. परवानगी देणाराच नाहीसा झाला तर काय, हे आधी ठरवा आणि मग डबी बसवा. माझ्यात बोलायला एक तोंड ठेवा. तुम्ही हे कराल अशी मला फारशी आशा नाही. माझ्यानंतरच्या डब्या मी पाहिल्या आहेत, त्यांनाही तोंड नाही.

हे मला कसं कळलं, ते सांगते. गेल्या महिन्यात वायरमास्तरांच्या दुकानासमोर एक तीनचाकी येऊन थांबली. जुनीच, पण रंग नवा. पाठोपाठ मालक आणि मालकीणबाई उतरले. मालकांचा खांदा आता लाद्या उचलू देत नाही आणि बँकेला अजूनही घराचे कागदच हवे आहेत. बुडालेल्या कंपनीची सगळी खाती विकत घेणारी एक नवी कंपनी आली आहे, तिने गाडी दिली. मास्तरांनी खोक्यातून नवी डबी काढली. माझ्याहून लहान आणि चकचकीत. सीटखाली अंधार होता, म्हणून मालकांनी डाव्या हातात टॉर्च धरला.

"मास्तर," मालकीणबाईंनी विचारलं, "ही कंपनी बुडाली, तर हिला परवानगी कोण देणार?"

"वहिनी, मी फक्त बसवतो."

मालकीणबाईंनी मालकांकडे पाहिलं. मालक डबीकडे बघत होते.

"दादा, उजेड जरा खाली घ्या," वायरमास्तर म्हणाले.

मालकांनी टॉर्च खाली घेतला आणि शेवटचा स्क्रू आवळून होईपर्यंत स्थिर धरून ठेवला.